फुकटचा सल्ला आणि कंपनीचा मान

आपल्या बाजारात एक माणूस असा असतो की त्याला विचारल्याशिवाय कोणी मोठी खरेदी करीत नाही. लूम कोणता घ्यावा, रंग कोणत्या कंपनीचा पक्का बसतो, शिलाईची कोणती मोटर टिकते, हिशेबासाठी संगणकात कोणता प्रोग्राम टाकावा, अशा प्रत्येक गोष्टीसाठी एक उस्ताद ठरलेला आहे. तो दुकानदार नसतो, दलाल नसतो, कंपनीचा नोकरही नसतो. चहाच्या हॉटेलात बसतो, विचारणाऱ्याला सांगतो आणि त्याबद्दल एक पैसा घेत नाही. अशा माणसाच्या एका शब्दावर आपल्याकडे लाखो रुपयांचे सौदे होतात.

आज मला त्याच माणसाविषयी लिहावयाचे आहे. तो बेईमान असतो असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा तो ईमानदारच असतो. माझा प्रश्न वेगळा आहे. जो फुकट सल्ला देतो तो खरोखरच कोणाच्या बंधनात नसतो काय? आणि कंपनीने त्याला मान दिला, भेट दिली, तर त्यानंतर त्याचा सल्ला पूर्वीइतकाच मोकळा राहतो काय?

एका शेडची गोष्ट

माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराकडे बारा साधे लूम होते. साध्या लूमवर आता भागत नाही म्हणून त्याने चार रेपियर लूम घेण्याचे ठरविले. थोडी घरची रक्कम होती, बाकी बँकेचे कर्ज. मशीन कोणत्या कंपनीचे घ्यावे हे विचारण्यासाठी तो एका मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री तीस वर्षांचे अनुभवी. नुसत्या आवाजावरून लूमचा दोष सांगणारे. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. उस्तादांनी एका कंपनीचे नाव घेतले. याने दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही आणि चार मशिने आणून बसविली.

मशीन खराब नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो. परंतु ते त्याच्या कामाचे नव्हते. शेड अरुंद, मशीन रुंद, म्हणून एक भिंत पाडावी लागली आणि पायाही नवा घालावा लागला. तो जे सूत वापरीत असे ते हलक्या दर्जाचे. जलद मशीनवर तो धागा सारखा तुटे. एखादा सुटा भाग बिघडला की तो बाहेरगावाहून येईपर्यंत आठ-आठ दिवस काम बंद. कर्जाचा हप्ता मात्र बंद राहत नाही. दोन वर्षांनी त्याने त्यांतील दोन मशिने निम्म्या किमतीत विकली.

नंतर कळले की त्या कंपनीचा विक्रेता दरवर्षी पाच-सहा मिस्त्रींना बोलावून त्यांचा सत्कार करतो. शाल, 'उत्कृष्ट तंत्रज्ञ' असे लिहिलेली ढाल, जेवण, एखाद्या वर्षी अवजारांची पेटी आणि एकदा गुजरातमधील कारखाना पाहण्यासाठी सहल. उस्तादांच्या घरी भिंतीवर अशा तीन ढाली आहेत. कारखानदार संतापून त्यांच्याकडे गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. उस्ताद म्हणाले, "बेटा, कसम खाऊन सांगतो, तुझ्या सौद्यात मी एक रुपयाही कमिशन घेतलेले नाही." ते खरे होते. मग थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "पण हे मशीन तुझ्या शेडला मोठे पडेल हे मला दिसत होते. मी बोललो नाही."

का बोललो नाही, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आले नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्यांना कोणी लाच देऊ केली असती तर त्यांनी त्या माणसाला हाकलून दिले असते. त्यांना मान दिला गेला होता. तो पुढच्या वर्षीही मिळावा अशी माणसाची साधी इच्छा असते. तेवढ्यानेच जीभ अडली.

संगणकाच्या धंद्यातील जुना अनुभव

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत काम करतो. ईदसाठी घरी आला तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "चाचा, आमच्या धंद्यात ही गोष्ट तीस वर्षांपासून चालू आहे. फक्त तिथे ती झाकलेली नाही. तिला नाव आहे, तिचे नियम आहेत." त्याने सांगितलेली आणि नंतर मी स्वतः पडताळून घेतलेली माहिती वाचकांपुढे ठेवतो, कारण तिच्यात आपल्यासाठी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९९० नंतर आपल्याकडील दुकानांत संगणक येऊ लागला तेव्हा हिशेबाचे पुष्कळसे प्रोग्राम 'फॉक्सप्रो'मध्ये लिहिलेले असत. गावातलाच एखादा शिकलेला मुलगा ते लिहून देई. जुन्या व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या मुनीमांना हे नाव आठवत असेल. हे फॉक्सप्रो मूळ फॉक्स सॉफ्टवेअर नावाच्या अमेरिकन कंपनीचे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली.

अमेरिकेत त्या काळी 'कॉम्प्युसर्व्ह' नावाची सेवा होती. टेलिफोनच्या तारेवरून लोक तिच्यात आपल्या अडचणी लिहून पाठवीत आणि जाणकार लोक त्यांना उत्तरे देत. उत्तरे देणारे पुष्कळ जण कंपनीचे नोकर नव्हते. आपला धंदा सांभाळून दुसऱ्याची अडचण दूर करणारे ते लोक होते, अगदी आपल्या उस्तादांसारखे. फॉक्सप्रोच्या एका जाणकाराने कोण किती उत्तरे देतो याची एक यादी तयार केली. ती यादी मायक्रोसॉफ्टच्या माणसांच्या नजरेत भरली. अशा लोकांना हेरून १९९३ पासून कंपनीने त्यांना 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल', म्हणजे सर्वांत मोलाचा जाणकार, असा किताब देण्यास सुरुवात केली. त्यालाच थोडक्यात एम.व्ही.पी. म्हणतात.

आज जगभर असे काही हजार किताबधारक आहेत. भारतातही आहेत. त्यांना पगार नाही. किताब एका वर्षाचा असतो. वर्ष संपले की कंपनी त्या वर्षाचे काम पाहते आणि किताब पुन्हा द्यावयाचा की नाही हे ठरविते. किताबाबरोबर काही सवलती मिळतात. कंपनीचे महाग सॉफ्टवेअर विनामूल्य वापरावयास मिळते. नवा माल बाजारात येण्यापूर्वी पाहावयास मिळतो. कंपनीच्या अभियंत्यांशी थेट बोलता येते. मोठ्या मेळाव्याचे निमंत्रण येते. त्याबरोबर गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते, म्हणजे आतील जे कळेल ते परवानगीशिवाय बाहेर सांगावयाचे नाही.

आता याची उस्तादांच्या भिंतीवरील ढालींशी तुलना करून पाहा. दोन्हीकडे पगार नाही, मान आहे. दोन्हीकडे मान दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो आणि तो देणारी कंपनीच आहे. फरक एवढाच की तिकडे किताब उघड आहे. माणूस तो आपल्या नावाखाली लिहितो. वाचणाऱ्याला त्यावरून दोन गोष्टी कळतात. कंपनीने याला मानले आहे, तेव्हा याला कामाची माहिती आहे. आणि कंपनीने याला मानले आहे, तेव्हा कंपनीच्या मालाविषयी याचे बोलणे थोडे तोलून ऐकावे. आमच्या कारखानदाराला यांपैकी दुसरी गोष्ट कळण्याची काही सोयच नव्हती, कारण ढाली घरातल्या भिंतीवर होत्या आणि सल्ला हॉटेलात दिला जात होता.

दोन प्रसंग

मग हे किताबधारक स्वतंत्र समजावे की कंपनीचे? यासाठी दोन प्रसंग पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग १९९९ सालचा. अमेरिकेतील 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीकडे हजारो स्वयंसेवक होते. नव्या ग्राहकांना मदत करणे, चर्चेवर देखरेख ठेवणे ही त्यांची कामे. बदल्यात त्यांना कंपनीची सेवा फुकट मिळे. त्या वर्षी काही माजी स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, कंपनी आमच्याकडून ठरावीक तास काम घेते, आमच्याकडून अहवाल मागते, मग आम्ही स्वयंसेवक कसले? आम्ही कामगार आहोत, आम्हाला मजुरी द्या. हा दावा २०१० साली दीड कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. स्वयंसेवकांची ती योजना त्यापूर्वी २००५ मध्येच बंद झाली होती.

ही झळ आपल्याला लागेल या भीतीने मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर १९९९ मध्ये आपला किताब बंद करीत असल्याचे कळविले. त्यावर किताबधारकांनी कंपनीच्या वरिष्ठांकडे पत्रांचा इतका भडिमार केला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. एका कंपनीचे स्वयंसेवक मजुरी मागत होते आणि त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचे जाणकार फुकट काम करण्याचा मान परत मागत होते! यावरून मान ही केवढी मोठी मजुरी आहे ते समजते. जी गोष्ट जाऊ नये म्हणून माणूस इतका धडपडतो, तिचे त्याच्या मनावर काहीच वजन नसते असे कोणी म्हणू नये.

दुसरा प्रसंग २००५ सालचा. मायक्रोसॉफ्टची 'व्हिज्युअल बेसिक' नावाची संगणकीय भाषा होती. तिच्या सहाव्या आवृत्तीवर असंख्य छोट्या-मोठ्या धंद्यांनी आपली कामे उभी केली होती. कंपनीने नंतर आणलेली भाषा नावाने तीच, पण आतून इतकी बदललेली की जुने काम पुष्कळसे नव्याने लिहावे लागे. जुन्या आवृत्तीचा नेहमीचा आधार मार्च २००५ अखेर थांबणार होता. त्याच महिन्यात शंभराहून जास्त किताबधारकांनी उघड अर्ज केला की, जुनी भाषा पुढे चालू ठेवा, ज्या ग्राहकांनी तिच्यावर भरवसा ठेवला त्यांना वाऱ्यावर सोडू नका. कंपनीने त्यांचे ऐकले नाही. परंतु कंपनीनेच दिलेला किताब नावापुढे असताना त्यांनी कंपनीच्या निर्णयाविरुद्ध सही केली, ही गोष्ट साधी नाही.

पहिल्या प्रसंगी त्यांनी आपल्या मानासाठी आवाज उठविला. दुसऱ्या प्रसंगी ग्राहकासाठी उठविला. दोन्ही वेळी किताब एकच होता. म्हणून किताब मिळाला की माणूस विकला गेला, असे म्हणणे अन्याय होईल. किताब आहे तरी मी पूर्ण मोकळा आहे, हे नुसते म्हणणेही पुरेसे नाही. ग्राहकाचे हित आणि कंपनीचे हित जेथे वेगळे होते, त्या जागी माणूस कोणाच्या बाजूने बोलतो यावर त्याची परीक्षा होते. उस्तादांपुढे ती जागा त्या अरुंद शेडमध्ये आली होती.

'मी तर काही घेतले नाही'

यावर सल्ला देणाऱ्यांचे नेहमीचे उत्तर असते की, मी पैसे घेतले नाहीत. एक शाल आणि एक ढाल, तेवढ्यावर कोणी ईमान विकतो काय?

या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. आपल्या वाचकांना इब्नुल लुतबिया यांचा प्रसंग माहीत असेल. जकात वसूल करण्यासाठी त्यांना नेमले होते. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले आणि एक भाग लोकांनी मला भेट म्हणून दिला आहे असे सांगितले. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले की, हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? भेट पारखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. आपले उस्ताद कोणी सरकारी अधिकारी नाहीत हे खरे. पण त्यांनीही स्वतःला विचारून पाहावे. लोक मला विचारून खरेदी करीत नसते, तर या विक्रेत्याने मला शाल दिली असती काय? उत्तर 'नाही' असेल तर ती शाल आपल्या कारागिरीला मिळालेली नाही. लोकांचा आपल्यावर जो भरवसा आहे, त्या भरवशाला ती दिलेली आहे. आणि तो भरवसा आपली मालमत्ता नाही, लोकांची अमानत आहे.

भेट मोठी झाली की हीच गोष्ट सर्वांना दिसू लागते. डिसेंबर २००६ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात येण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट आणि एएमडी या कंपन्यांनी इंटरनेटवर लिहिणाऱ्या काही जणांना महाग लॅपटॉप पाठविले. त्याचा एवढा बोभाटा झाला की, काम झाल्यावर ते परत करा किंवा दुसऱ्याला देऊन टाका, असे कंपनीला सांगावे लागले. लॅपटॉप डोळ्यांत खुपतो, ढाल खुपत नाही, एवढाच फरक.

आणि ही भेट शेवटी कोणाच्या खिशातून जाते? भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी घेण्यास मनाई केली. पुढे अपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च आयकरात वजा मागितला, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. न्यायालयाने हेही दाखवून दिले की, अशा भेटी खरोखर फुकट नसतात, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत धरलेला असतो आणि तो रोगी भरतो. मिस्त्रीला किंवा रंगारी मास्तरला दिलेल्या भेटीला तो डॉक्टरांचा नियम लागू नाही. पण हिशेब तोच आहे. उस्तादांच्या शालीचे पैसे त्या कारखानदाराने मशीनच्या किमतीत भरले होते.

कायदा कोठपर्यंत येतो

कायद्यानेही या गोष्टीकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ डिसेंबर २००९ पासून लागू केलेल्या सूचनांत सांगितले की, मालाची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी पैशाचा किंवा भेटीचा संबंध असेल तर तो ग्राहकाला कळला पाहिजे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ झाला आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी असा संबंध असेल की जो लोकांना माहीत नाही आणि ज्यामुळे शिफारशीचे वजन बदलते, तर तो उघड करावा, असे त्यांत आहे. फसव्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात ठेवली आहे. शिफारस करण्यापूर्वी ज्याने योग्य ती खातरजमा केली असेल, त्याला त्यातून सूट आहे.

हे चांगलेच आहे. परंतु हा कायदा जाहिरातीसाठी आहे. हॉटेलात चहा पिताना तोंडी दिलेला सल्ला त्याच्या हाती लागेल असे मला वाटत नाही. आणि आपला बाजार तर तोंडी सल्ल्यावरच चालतो. तेव्हा आपला बंदोबस्त आपल्यालाच केला पाहिजे.

आपण काय करावे

सल्ला घेणाऱ्याने पाच गोष्टी विचाराव्यात, आणि विचारताना संकोच करू नये. पहिली, या कंपनीकडून तुम्हाला काही मिळते काय? पैसा, माल, मान, सहल, काहीही. दुसरी, ते दरवर्षी मिळते काय, आणि मिळावे की नाही हे कोण ठरविते? तिसरी, या कंपनीखेरीज दुसऱ्या किती कंपन्यांच्या मालावर तुम्ही स्वतः काम केले आहे? चौथी, या कंपनीचा माल घेऊ नको, असे तुम्ही कोणाला कधी सांगितले आहे काय, आणि का? पाचवी, तुम्ही कंपनीला एखादी गोष्ट बोलणार नाही असे कबूल केले आहे काय? ईमानदार माणसाला या प्रश्नांचा राग येणार नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले म्हणून सल्ला फेकून देऊ नका. तो किती तोलून घ्यावयाचा हे तुम्हाला आता माहीत झाले, एवढेच.

सल्ला देणाऱ्या उस्तादांना माझी विनंती आहे. मान मिळाला तर जरूर घ्या, तुमच्या हातच्या कामाचा तो हक्क आहे. पण ढाल घरात ठेवू नका, जेथे बसून सल्ला देता तेथे लावा. बोलण्याच्या आधी सांगा की या कंपनीने मला मानले आहे. ज्या मालाची माहिती नाही त्याबद्दल 'मला माहीत नाही' म्हणा. आणि विचारणाऱ्याची शेड, सूत, कर्ज पाहून जो सल्ला द्यावासा वाटेल तोच द्या, मग पुढच्या वर्षी बोलावणे येवो की न येवो.

आपल्या वाचकांत विक्रेते आणि एजंटही आहेत. त्यांनी सत्कार करू नये असे मी म्हणत नाही. पण सत्कार करावयाचाच तर कामाचा करा, किती गिऱ्हाईक आणले याचा करू नका. ज्या मिस्त्रीने तुमच्या मशीनचा दोष तोंडावर सांगितला त्याला एखाद्या वर्षी शाल घालून पाहा. तुमच्या मालावर बाजाराचा भरवसा त्याने जेवढा वाढेल तेवढा दहा ढालींनी वाढणार नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या सर्वांना लागू आहे. उस्तादांनी तीस वर्षे या बाजाराला सल्ला दिला. त्या तीस वर्षांत आपण त्यांना काय दिले? चहा पाजला. ज्याच्या शब्दावर आपण दहा-वीस लाखांचे कर्ज काढतो त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवताना आपल्याला जड जाते, कारण सल्ला तर फुकटच मिळतो अशी आपली सवय. दलालाची दलाली बिनबोभाट देतो, वकिलाची फी देतो, पण ज्याने मशीन पाहून द्यावयाचे त्याला नुसते 'उस्ताद' म्हणून मोकळे होतो. मग जी कंपनी त्याला शाल घालते ती त्याला आपलीशी वाटली तर दोष एकट्या त्याचा नाही. ज्याला आपण काही देत नाही, त्याला दुसरा कोणी तरी देतो. आणि जो देतो त्याच्याकडे माणसाचे मन झुकते.

सोन्याच्या व्यवहारात ही गोष्ट आता सर्वांना पटली आहे. दागिन्याची शुद्धता सांगणारा आणि दागिना विकणारा वेगळा असावा म्हणून हॉलमार्क आला. कापडाच्या धंद्यातही सूत आणि कापड तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, अहमदाबादला अटिरा, सुरतेला मंत्रा या संस्था कित्येक वर्षांपासून काम करीत आहेत. यंत्रमागाच्या गावांसाठी पॉवरलूम सर्व्हिस सेंटरची योजना निघाली ती याच कामासाठी. थोडी फी भरून मिळालेला अहवाल कित्येकदा फुकटच्या सल्ल्यापेक्षा स्वस्त पडतो. आणि जेथे अहवाल पुरत नाही, माणसाची नजरच लागते, तेथे त्या नजरेची मजुरी आपणच द्यावी.

त्या कारखानदाराने पुढे हेच केले. गेल्या वर्षी त्याच्यासह पाच जणांना मशिने घ्यावयाची होती. पाचांनी मिळून पैसे काढले आणि त्याच उस्तादांना तीन दिवसांची मजुरी आधी हातावर ठेवली. म्हणाले, "उस्ताद, या तीन दिवसांत तुम्ही आमचे आहात. आमच्या शेड बघा, सूत बघा, तीन कंपन्यांची मशिने चालताना बघा आणि मग सांगा." उस्तादांनी प्रथम आपल्या तिन्ही ढालींची गोष्ट स्वतःहून सांगितली. मग तीन दिवस हिंडले. शेवटी दोघांना एक मशीन सुचविले, ते दुसऱ्याच कंपनीचे होते. बाकी तिघांना म्हणाले, "तुम्ही सध्या काहीच घेऊ नका. तुमचे सूत आणि तुमचे कर्ज, दोन्ही या वेगाला पेलणार नाही."

'घेऊ नका' असे सांगणाऱ्याला कोणतीही कंपनी शाल घालणार नाही. त्याची मजुरी बाजारानेच दिली पाहिजे.